मागच्या बाकावरचा अहवाल

भिंगारला आमच्या शेजारी छावणीतले एक कारकून राहत. भेटेल त्याला ते शब्दांची सोयरीक सांगत.

"वहिनी, आपला पितर आणि साहेबाचा फादर एकाच कुळातले. तिकडे गेल्यावर प चा फ झाला, एवढंच."

"मग पितृपंधरवड्यात साहेबालाच जेवायला बोलवा," आई म्हणे.

ही विद्या त्यांना नोकरीतच मिळाली होती. लढाई सुरू झाल्यावर छावणीत जर्मन कैदी आणले. त्यांतला एक प्रोफेसर इतरांना जर्मन आणि तिच्या बहीणभाषांचा इतिहास शिकवू लागला. शिकवणं इंग्रजीतच हवं, अशी साहेबाची अट होती, आणि आमच्या शेजाऱ्यांनी मागं बसून अहवाल द्यायचा होता. ते दर आठवड्याला "आक्षेपार्ह काही नाही" असं लिहीत. शेवटी साहेब म्हणाला, "मग उद्यापासून जाऊ नका."

तोवर वर्गात नुसती व्यंजनं शिकवून झाली होती. जन्मात कधी खोटी तारीख न घातलेल्या या माणसानं त्या दिवशी लिहिलं, "संशयाला जागा आहे. नजर ठेवणे आवश्यक."

साहेबानं वर्गच बंद केला.

पुढं एकदा मी त्यांना स्वरांचं विचारलं. त्यांनी छत्री उचलली.

"ते सोमवारी होणार होतं," म्हणाले.