धडधाकट पोरांचे स्कॅन

आमच्या मेडिकल कॉलेजच्या एथिक्स कमिटीत, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीत, चहा कपभर आणि किस्से बादलीभर. मी रेडिओलॉजीची डॉक्टर. तिथं मला ‘अडेलतट्टू मॅडम’ म्हणतात. म्हणोत बापडे.

बालरोग विभागाच्या बिराजदार सरांना रेणापूरच्या शाळेतल्या धडधाकट मुलांच्या डोक्याचे सीटी स्कॅन हवे होते. नॉर्मल मेंदूची मापं मिळतील, म्हणे. आजारी लेकराला गरज असेल तर स्कॅन मीच काढते. पण ज्याला काही झालेलंच नाही, त्याच्या डोक्यात किरणं कशाला घालायची? मी ठरवलं, ह्यावर आपली सही नाही.

*

“डोस अगदी कमी आहे,” सर म्हणाले. “विमानप्रवासातही किरणं लागतातच की.”

समितीवर एक बिगरडॉक्टर माणूस लागतो. आमच्याकडे लातूरचे कापड व्यापारी शिवप्पाकाका आहेत. ते म्हणाले, “मंग पोरांना विमानातच बसवा की. जलमभर नाव काढतील.”

*

“एकही पालक ‘नाही’ म्हणाला नाही,” हा सरांचा हुकमी एक्का. मी तडक रेणापूर गाठलं. एका बापाला विचारलं, “धोका सांगितला का तुम्हाला?”

“सांगितलं की. फुकट हाय म्हणले.”

मग मी बसून किरणांचं सगळं समजावलं. त्यानं मन लावून ऐकलं आणि म्हणाला, “मॅडम, धाकटीचं नाव ऱ्हायलंय बगा. तिचाबी काढा.”

हसू आलं, पण डॉक्टरवरच्या ह्या विश्वासाचीच मला भीती वाटते.

*

मुलांचा होकारही लागतो. “विचारलं ना त्यांना?” मी सरांना म्हटलं.

“विचारलं. सगळे हो म्हणाले.”

“काय विचारलं?”

“चॉकलेट आवडतं का.”

*

शेवटच्या बैठकीत अध्यक्षही वैतागले. “मॅडम, किती ताणता? कॉलेजचं नाव होईल.”

“ताणणारच,” मी म्हटलं आणि सरांकडे वळले. “सर, तुमचा ओंकार चौथीत ना? बरोबर रेणापूरच्या पोरांएवढाच. उद्या सकाळी घेऊन या. पहिला स्कॅन त्याचा काढू.”

एरवी छापील बोलणारे सर एकदम आपल्या गावच्या, निलंग्याच्या बोलीवर आले.

“आमच्या ओंकारचा? त्येचा कशाला मॅडम? त्येला काय झालंय?”