नववं पान

मुलुंडला माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. तिथे दर शनिवारी एक गृहस्थ यायचे. साठीचे, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि पिशवीत जुन्या कॉम्प्युटर गेमची वाळवी लागलेली माहितीपुस्तिका. ती हुबेहूब टाइप करून त्यांना इंटरनेटवर ठेवायची होती. पान उलटताना बोट न लावता खालून पोस्टकार्ड सरकवायचे, जणू पोथीच. या वयात माणसं गुडघ्याचा एक्सरे घेऊन फिरतात, हे राक्षस मारायच्या सूचना घेऊन.

पुस्तिकेत सुरुवातीलाच एक कोरं पान होतं. फुकट पान कशाला, म्हणून टाइप करताना मी ते गाळलं.

पुढच्या शनिवारी ते हजर. "गेम सुरूच होत नाही," म्हणाले. "तो आधी विचारतो, नवव्या पानावरच्या चौथ्या ओळीतला पहिला शब्द कोणता. चोरीची कॉपी पकडायला. तुमच्या नवव्या पानावर दहावं आलंय."

"अहो, पण हे आता खेळतं कोण?"

"सध्या कोणी नाही. पण उद्या कोणी आलाच, तर आपल्यामुळे अडायला नको ना."

मी कपाळाला हात लावला आणि कोरं पान परत घातलं. ते काउंटरशी उभे राहून बोटाने ओळी मोजत होते.

वीस वर्षं मी लोकांचे अर्ज आणि प्रबंध टाइप करतोय. त्यातली एक ओळ तपासायला कोणी परत आलेलं नाही. माझं टायपिंग मन लावून वाचणारा एकच भेटला, तोही हा राक्षसवाला.