डावीकडे त्यानं ठेवलेलं

अरविंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी नाक धूत होतो. हातात त्यानंच दिलेला तोटीचा लोटा होता... शोकसभेत आमच्या कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवरचे भास्करराव प्रेमानं म्हणाले, "आमचे निम्मे डॉक्टर गेले." डोळे पुसता पुसता सगळे हसले. त्याची बायको, शैलावहिनी, तेवढ्या हसल्या नाहीत. ते नाव मी पाडलं होतं, म्हणून हे लिहितो आहे.

अरविंद नाक-कान-घशाचा डॉक्टर आणि माझा शाळेपासूनचा मित्र. माझं नाक कायम चोंदलेलं. थेंबांची बाटली खिशात असल्याशिवाय मी घराबाहेर पडत नसे, झोपायचो ते तोंड उघडं टाकून. नाकाच्या आत दोन्ही बाजूंना मऊ, मांसल वळ्या असतात. माझ्या फुगून बसल्या होत्या. औषधांनी, फवाऱ्यांनी भागेना, तेव्हा त्यानं दुर्बिणीनं ऑपरेशन करून त्या लहान केल्या. खपल्या निघून गेल्या आणि कितीतरी वर्षांनी मी तोंड मिटून झोपलो. तरी तपासणीला गेल्यावर कुरकुरलोच, "डावीकडे अजून जरा अडतंय रे. सगळंच का नाही काढलंस?"

"गाढवा, ती काय नळातली घाण आहे? आत जाणारी हवा तिथंच उबदार होते, ओली होते. सगळं कापलं तर मोकळ्या नाकानं गुदमरशील, आणि मग मलाच शिव्या घालशील."

मला ते पटलं होतं. पण ट्रॅकवर मात्र मी म्हणालो, "मित्र म्हणून निम्म्यातच सोडलं बुवा डॉक्टरांनी!" हशा पिकला, आणि अरविंद तिथं 'निम्मे डॉक्टर' झाला. त्याचं उत्तर सांगितलं असतं तर गंमत गेली असती... ते मी कधीच सांगितलं नाही. पुढे भास्कररावांनी मुलाचं नाक दुसरीकडे दाखवलं आणि अरविंदला तोंडावर म्हणाले, "आम्हाला पुरतं काम पाहिजे होतं, डॉक्टर." तो एवढंच म्हणाला, "बरं केलंत. मिठाच्या पाण्यानं नाक धूत राहायला सांगा." माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही. दुसऱ्या दिवशी मात्र नेहमीसारखा माझ्यासाठी गेटपाशी थांबला होता.

परवा मी ट्रॅकवर सगळ्यांना त्याचं ते उत्तर सांगितलं. भास्करराव बराच वेळ बुटाची नाडी बांधत राहिले. मग म्हणाले, "हे डॉक्टर असताना बोलायचं होतं, साहेब."

सकाळी लोटा भरतो. डावीकडे पाणी किंचित अडतं, मग वाट काढतं. तेवढं त्यानं माझ्यासाठी ठेवलेलं आहे.