बोगस

आमच्या शेलूबाजारात सिनेमावर बोलायला टॉकीज लागत नाही, बाकडं लागतं. ते माझ्या दुकानासमोर आहे. मी पाइप आणि पाण्याच्या मोटारीचे सुटे भाग विकतो, आणि संध्याकाळी गिऱ्हाईक आटलं की त्या बाकड्यावर आम्ही तिघं बसायचो. एक मी. दुसरा जीपवाला, मंगरूळपीरच्या फेऱ्या मारणारा. त्याला कुठलाही सिनेमा आवडतो, फक्त त्यात गाडी उडाली पाहिजे. आणि तिसरा आमचा भाजीवाला दोस्त. गावाला लागून त्याचं ओलिताचं वावर आहे. मेथी, वांगी, टमाटे. मुद्दा असा की सिनेमा कोणी का काढेना, शेवटचा निकाल हाच द्यायचा.

आवडला तर गप्प बसायचा, फार तर "ठीक हाये" म्हणायचा. नाही आवडला तर एकच शब्द, बोगस. त्यातला 'बो' लांबवायचा आणि 'गस'ला मांडीवर थाप मारायचा. एकदा जीपवाल्यानं मोठ्या कौतुकानं मोबाइलवर एक गावाकडचा सिनेमा लावला. त्यात नायिका वांग्याच्या वावरात तण निंदत होती आणि गाणं म्हणत होती. भाजीवाल्याने जरा वेळ पाहिलं आणि उसळलाच.

"अबे, हे बाई निंदून राह्यली अन् साडीची इस्त्री मोडली नाई! वांग्याच्या झाडात उभी हाये अन् एक काटा नाई लागला तिले. बोऽगस!"

"तू हिरोईन पाह्य ना लेका, वांगे कायले पाहून राह्यला?" जीपवाला चिडला. त्यावर ते दोघं इतके भांडले की माझं एक गिऱ्हाईक परत गेलं. मी दोघांनाही शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिघंही बाकड्यावर.

त्याचं एक मात्र होतं. आवडलेल्या गोष्टीला तो कधी बोगस म्हणाला नाही, आणि तोंडदेखलं कौतुक तर त्याला जमायचंच नाही. त्याच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, मीच कितीदा सांगितलं असेल की हा माणूस उगीच बोगस म्हणत नाही, मनात असेल तेच बोलतो. माझ्या तोंडाला तेव्हा कोणी आवरायला हवं होतं.

वहिनींची एक सिरियल होती, रोज न चुकता. त्यात एक म्हातारा सासरा लकवा मारून कितीतरी महिने पलंगावर पडलेला. वाईट पुतण्या सुनेला घराबाहेर काढणार, तेवढ्यात सासरा ताडकन उठून "थांब!" म्हणतो. मग सगळ्यांच्या तोंडावर तीन-तीनदा कॅमेरा. वहिनी मेथीच्या जुड्या घेऊन बाजारात चालल्या होत्या, दुकानापाशी टोपली टेकवून त्यांनी डोळे पुसत आम्हाला ते सांगितलं. हा लगेच सुरू झाला.

"लकवा मारलेला मानूस एका एपिसोडमंदी बोलाले लागला! अन् तेबी सुद्द मराठी! बोगस."

"तुमाले तं सगयंच बोगस," वहिनी म्हणाल्या. "सिरियल बोगस, सयपाक बोगस. एखांद्या दिवशी मलेबी म्हनसान."

"तुले म्हनाचं असतं तं कवाच म्हनलं असतं."

वहिनींनी टोपली उचलली आणि हसू लपवत निघून गेल्या. त्याच्या तोंडून याच्यापेक्षा मोठं कौतुक आम्ही तरी कधी ऐकलं नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात मेथी उपटता उपटता तो वाफ्यातच आडवा झाला. जीपवाल्याने त्याला वाशीमला ज्या वेगाने नेलं, तसा वेग मी फक्त त्याच्या आवडत्या सिनेमांत पाहिला होता. जीव वाचला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. काही दिवसांनी घरी आणला तेव्हा पाय थोडा उचलायला लागला होता आणि तोंडातून एक शब्द फुटला होता. कोणता, ते सांगायला नको.

खरं सांगतो, पहिल्यांदा ऐकला तेव्हा आम्ही दोघं आनंदाने हसलो. "कसा हायेस बे?" "बोगस." "दवाखाना कसा व्हता?" "बोगस." वाटलं, चला, गडी होता तसाच परत आला! मग त्याने डावा हात पाण्याच्या तांब्याकडे केला आणि म्हणाला, "बोगस." वहिनींनी पाणी पाजलं. पिऊन झाल्यावर पुन्हा तेच. नातेवाईक भेटायला आले, त्यांनाही तेच. मग आमचं हसू आटलं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. त्याला समजतं बरंचसं, मनातही शब्द आहेत, पण तोंडाशी येता येता त्यांचा रस्ता चुकतो आणि हाच एक बाहेर पडतो. मान डोलावतानाही हो आणि नाहीची गल्लत होते. लिहायचं म्हटलं तर उजवा हात मेलेला आणि अक्षरंही पुसली गेलेली. "सारखं बोलत राहा त्याच्याशी, त्याच्या आवडीचं काही दाखवा," डॉक्टर म्हणाले, "येतील काही शब्द. कधी, ते सांगता येणार नाही."

आवडीचं म्हणजे काय, ते आम्हाला माहीत होतं. आम्ही बाकडंच त्याच्या ओसरीत नेलं. रोज संध्याकाळी मोबाइल डब्याला टेकवून उभा करायचा, सिनेमा लावायचा आणि खाटेजवळ बसून वाद घालायचा. जीपवाला मुद्दाम भिकार सिनेमाची तारीफ करायचा, म्हणजे हा चिडून काही वेगळं बोलेल. मी मुद्दाम चांगल्याला नावं ठेवायचो. काटे न लागणारी ती बाई आम्ही पुन्हा लावली. बोगस. त्याला एकेकाळी पसंत पडलेला, ज्यावर तो चक्क "ठीक हाये" म्हणाला होता, तो सिनेमा लावला. बोगस. जिच्यावर आम्ही पोट धरून हसलो होतो ती सासऱ्याची गंमत आता आम्हाला खरी व्हायला हवी होती. रोज वाटायचं, आज उठेल, आज "थांब" म्हणेल. एकदा माझा तोल सुटला. "अरे पानी म्हन ना बे! पा-नी! एवढं कायचं अवघड हाये?" मी ओरडलो. तो माझ्याकडे बघत राहिला, ओठ हलवत राहिला, कपाळावर घाम आला, आणि शेवटी तेच निघालं. मी बाहेर जाऊन अंगणातल्या विहिरीच्या कठड्यावर बसलो. करणार काय? मोटार बंद पडली तर मी खोलून सांगू शकतो कुठं बिघडलं. इथं काय खोलणार होतो?

वहिनी त्याच कठड्याजवळ मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. वावराचं काम आता त्यांच्या एकटीच्या अंगावर होतं. बांधता बांधता, माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारलं, "भाऊजी, खरं सांगा. ते मलेच म्हनून राह्यले काय?"

"काय?"

"चहा देल्ला, बोगस. आंग पुसलं, बोगस. रात्री डोक्यावरून हात फिरवते, तवाबी बोगस. तुमीच तं म्हनत होते, हा मानूस मनात असन तेच बोलते."

मी घाईघाईने डॉक्टरांचं सगळं पुन्हा सांगितलं. रस्ता चुकतो, शब्दाचा अर्थ तो नाही, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं.

"डाक्टरनं त्याईच्या मनात जाऊन पाह्यलं काय?" त्या म्हणाल्या. "जनमभर हसून नेलं मी. आता नाई हसू येत, भाऊजी. मले भेव वाटते."

मी ते सगळं जीपवाल्याला सांगितलं. त्या दिवसापासून आम्ही दोघांनी तो शब्द आमच्या तोंडातून काढून टाकला. कितीही टुकार सिनेमा असला तरी "जमला नाई" एवढंच म्हणायचं. तेवढंच आमच्या हातात होतं.

होळीच्या अलीकडची एक संध्याकाळ. आम्ही दोघं ओसरीत होतो, वहिनी त्याला भात भरवत होत्या आणि टीव्हीवर त्यांची सिरियल चालू होती. तो लकव्याचा सासरा आता नुसता बोलत नव्हता, नातीच्या हळदीला चक्क नाचत होता. तेवढ्यात खाटेवरून, 'बो' लांबवून, अगदी पहिल्यासारखं आलं, "बोऽगस!"

जीपवाल्याने टाळीच वाजवली. "पाह्यलं काय वहिनी! बरोबर जाग्यावर बोलला! समजते त्याले सगयं, समजूनच बोलते हा!" मीही हसलो. कित्येक दिवसांत पहिल्यांदा वाटलं, आमचा माणूस आत कुठंतरी जागा आहे.

आम्ही काय बोलून बसलो, ते वहिनींचं तोंड पाहिल्यावर कळलं. त्यांनी ताट खाली ठेवलं. टीव्ही बंद केला.

"समजूनच बोलता ना?" त्या त्याला म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मंग आज मले सांगा. मी कशी वाटते तुमाले?"

"वहिनी, असं नका विचारू," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जीपवाला खाली मान घालून बसला. आम्हाला दोघांनाही माहीत होतं काय येणार आहे. त्याच्याजवळ दुसरं होतंच काय द्यायला?

त्याने तोंड उघडलं. कसला तरी शब्द शोधत त्याचा गळा वरखाली झाला. मग ओठ 'ब'साठी मिटताना मी स्वतः पाहिले. आणि तेवढ्यात त्याचा डावा हात वर आला आणि त्याने स्वतःचं तोंड दाबून धरलं. घट्ट. ओठांवरची भाताची शितं बोटांना चिकटलेली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो वहिनींकडे बघत होता.

वहिनी पुढे सरकल्या. त्यांनी तो हात काढायला पाहिलं. "म्हना जी," त्या रडत म्हणाल्या, "म्हना बोगस. मले चालते आता. म्हना."

त्याने काही केल्या हात काढला नाही.