वेडी ठरवण्याचं काम

नागपूरच्या कॉलेजातून मी मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालो, तेव्हा हे मानसशास्त्र नक्की काय असतं ते चिखलीत वडिलांना सांगता सांगता माझ्या नाकी नऊ आले. शेवटी ते म्हणाले, "मानसाच्या मनातलं समजते म्हंतोस ना? मंग सायबाच्या मनात काय हाय ते वळख अन् नोकरीले लाग." मला पुढे शिकायचं होतं. पण दोन बहिणी लग्नाच्या होत्या आणि मध्यप्रांत-वऱ्हाडात सरकारी नोकरीपुढे कुणाला काही दिसत नव्हतं. मी नायब तहसीलदार झालो. घरी पेढे वाटले, तेव्हा मला संताप आला होता; पण पेढा मीही खाल्ला.

तहसीलीत माझ्या पदवीची नुसती थट्टा. हेडक्लार्क रोज सकाळी विचारायचा, "सायेब, सांगा बरं, आज माह्या मनात काय हाय?" हे मी वर्षभर सोसलं. मग एके दिवशी कोर्टाकडून चौकशीचा कागद आला आणि तहसीलदारांना माझ्या शास्त्राची एकदम आठवण झाली.

एका खेड्यातल्या विधवेला नवऱ्यामागे चांगली काळी जमीन मिळाली होती. तिच्या थोरल्या दिराचा, म्हणजे भासऱ्याचा अर्ज होता की बाई वेडी आहे, जमीन माझ्या ताब्यात द्या. बाई शहाणी की वेडी, एवढं पाहून आम्ही कळवायचं होतं. "हे तुमचंच काम," तहसीलदार म्हणाले. खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली.

मी पुस्तक उघडून प्रश्न तयार केले. बाई आली ती पदर हनुवटीपर्यंत ओढून. भासरा माझ्या शेजारी खुर्चीत, कारण अर्जदार समोर हवा असा हेडक्लार्कचा नियम. मी विचारलं, नवऱ्याचं नाव काय? गप्प. शेतात यंदा काय पेरलंय? गप्प. आज वार कोणता? गप्प. प्रत्येक प्रश्नापुढे मी सुवाच्य अक्षरात लिहीत गेलो, 'सांगता आले नाही.'

आज हे आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. माझ्या आईने जन्मात वडिलांचं नाव घेतलं नाही. वडील काकूचे भासरे. घराला आग लागली असती तरी काकूने ते वडिलांना आम्हा पोरांकरवी कळवलं असतं. हे बघत मी वाढलो, आणि खुर्चीत बसल्यावर मला तेवढं विलायती पुस्तक आठवलं!

त्याच संध्याकाळी बायकोने दारातून हाक मारली, "अवो, आइकलं का?" तिनेही माझं नाव कधी घेतलं नव्हतं. माझ्या हातातला कप तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी तहसीलदारांना म्हणालो, "बाईला पुन्हा बोलवू या. भासऱ्याला बाहेर बसवू. चूक माझी आहे."

"कागद कालच गेला," ते म्हणाले. "चूक झाली म्हणून लेखी देता का? द्या. पण तुम्हाला नोकरीत कायम करायचं की नाही, ते पुढच्या महिन्यात मीच लिहिणार आहे."

मी लेखी दिलं नाही.

कोर्टाचा हुकूम आला: बाई वेडी, जमीन भासऱ्याच्या ताब्यात. त्यात लिहिलं होतं की मानसशास्त्राच्या पदवीधर अधिकाऱ्याने स्वतः तपासणी केल्यामुळे शंकेला जागा नाही. तो तिला वाचून दाखवायला मलाच पाठवलं. भासरा बाजाराला गेला होता. ती दाराआड उभी राहिली आणि मी वाचलेला शब्द न् शब्द तिने ऐकून घेतला.

"वरच्या वावरात कपाशी हाय," ती म्हणाली, "खाल्लाकडं जवारी. तुमी इचारलं त्या दिशी बुधवार होता. मले समदं येत होतं, सायेब."

"मग बोलली का नाहीस, बाई?"

"भासऱ्याच्या म्होरं तोंड उघडून मालकाचं नाव घेतलं असतं, तं तुमीच म्हनले असते का बाई येडी झाली."

मी शाईची डबी उघडली आणि हुकूम पोचल्याबद्दल तिचा अंगठा घेतला.