फोटोतला मामा

नोकरीत पुष्कळ तपास केले, पण दिल्लीतल्या द्वारकेच्या ठाण्यातली ती दुपार आठवली की अजूनही मला खुर्चीत स्वस्थ बसवत नाही.

मी तिथे इन्स्पेक्टर होतो. सेक्टरांमध्ये भराभर सोसायट्या उभ्या राहत होत्या, मेट्रोचे खांब चढत होते. एका सकाळी आयटी कंपनीतला एक मराठी तरुण खबर घेऊन आला. त्याच्या आईचा धाकटा भाऊ सतराव्या वर्षी वडिलांचा मार खाऊन विदर्भातल्या घरातून निघून गेला होता. चाळीस वर्षं पत्ता नाही. आई सरकारी नोकरीतून निवृत्त झाली आणि सरोजिनी नगरचं क्वार्टर सोडून मुलाकडे राहायला आली. तिच्याकडून नावं विचारून मुलाने घराण्याची वंशावळ इंटरनेटवर टाकली, जुने फोटो जोडले. ती पाहून गुडगावजवळच्या मानेसरहून एकाचा ई-मेल आला, 'मीच तो भाऊ.'

"साहेब, आईने आज जेवायलाच बोलावलंय त्याला. मी फोनवर बोललो, मराठीसुद्धा धड येत नाही. बिल्कुल फ्रॉड आहे."

रोजनामच्यात नोंद केली आणि साध्या कपड्यांतले दोन हवालदार सोसायटीच्या गेटवर उभे केले. बारा वाजता तो माणूस माझ्यासमोर होता. साठीला टेकलेला, कारखान्याच्या बसचा ड्रायव्हर. पिशवीत मिठाईचा डबा आणि त्याच वंशावळीची छापील पानं.

"ही कशाला?"

"मुलीने काढून दिली साहेब. तिनेच कम्प्युटरवर आमच्या गावाचं नाव टाकून शोधलं. रोज बघतो."

पानं पाहून मी मनातल्या मनात केस बंद केली होती. दोन तास हिंदीतूनच चौकशी चालली. आजोबांचं नाव, वडिलांचं नोकरीचं खातं, आईचं माहेर, सगळं बरोबर, पण ते सगळं त्या पानांवर होतंच. शेजारच्या खोलीत बसवलेल्या त्या तरुणाच्या आईला, बाईंना, विचारून आणलेल्या प्रश्नांना मात्र तो अडखळला. शाळेतल्या गुरुजींचं नाव चुकलं, घराचा रंग आठवेना.

शेवटी मी वैतागून त्याच पानांमधला एक फोटो पुढे टाकला. दोन वेण्या घातलेली मुलगी आणि शेजारी सात-आठ वर्षांचा मुलगा. खाली छापलं होतं, 'आई आणि मामा'.

"हा तूच ना?"

तो पहिल्यांदाच चिडला. "हा मी नाहीच साहेब! हा पोस्टमास्तरांचा पोरगा. न्हाव्याने माझं डोकं पार भादरलं होतं, म्हणून फोटोवाला आला तेव्हा मी कौलांवर चढून बसलो. मग आईने यालाच उभं केलं, तेही माझा नवा सदरा घालून!"

नाटक करायला आलेला माणूस छापलेल्या गोष्टीशी वाद कशाला घालेल? त्याचा जबाब लिहून घेतला, सही घेतली आणि फोटो उचलून जवळजवळ पळतच शेजारच्या खोलीत गेलो. तिथे बाई मुलासोबत बसल्या होत्या. त्यांना मी मुद्दामच त्याच्यासमोर आणलं नव्हतं. चाळीस वर्षं वाट पाहणाऱ्याला ओळख फार लवकर पटते.

"ताई, तुमच्या शेजारी हा कोण?"

त्यांनी चष्मा लावला. "हा होय, पोस्टमास्तरांचा मुलगा. आमचं ध्यान टक्कल लपवायला कौलांवर बसलं होतं. किती हाका मारल्या!"

"आई! मी तर खाली मामा लिहिलंय!"

"मला विचारलंस कधी?"

मी मधलं दार उघडलं. तो माणूस उठून उभा राहिला, पण पुढे यायची हिंमत त्याला होईना. बाई त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "उतरलास का एकदाचा खाली?"

मग दोघं जे रडले, ते ऐकून बाहेरचे हवालदारही दारात गोळा झाले. ज्याला मी दोन तास 'अरे-तुरे' करत होतो, त्याची हात जोडून माफी मागितली. "जेवायला उशीर केला मी तुम्हाला," एवढंच सुचलं.

पुढच्या चौकशांमध्ये उत्तरं चुकणाऱ्या माणसाला मी थोडा जास्त वेळ देऊ लागलो. कितीदा तो खोटारडाच निघाला. पण तो वेळ वाया गेला असं मला एकदाही वाटलं नाही.