मंडळीची ओळ

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, प्रार्थनेला उभ्या राहिल्या की चहा गार व्हायचा. देवळात येणाऱ्या आमच्या अख्ख्या ख्रिस्ती मंडळीला हे ठाऊक होतं. जाणत्या बायका आधी आत्याबाईंची प्रार्थना होऊ द्यायच्या आणि मगच स्टोव्ह पेटवायच्या.

आत्याबाई मूळच्या गारगोटीकडच्या. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी बायबलबाई म्हणून काढलेली, म्हणजे खेडोपाडी बैलगाडीनं, पायी, मिळेल तसं जाऊन बायकांना शास्त्र सांगायचं. त्यामुळे आवाज खणखणीत आणि भीड म्हणून नाही. डोळे मिटले की त्या सृष्टीच्या आरंभापासून सुरुवात करायच्या. आदाम, नोहा, मोशे अशी एकेकाची विचारपूस करत कोल्हापुरात पोचायच्या, आणि एकदा कोल्हापुरात पोचल्या की मग काही विचारू नका. दवाखान्यातले आजारी, हातकणंगल्याच्या स्टेशनावर नोकरीला असलेला भाचा, बावड्याच्या वाटेवर घसरून पाय मोडलेली कुणाची तरी म्हैस, सगळ्यांची वर्दी देवाकडे जायची. पुस्तक नाही, कागद नाही, सगळं तोंडातून आपोआप.

हे थांबवायचं एकच औषध होतं आणि ते मामंजींकडे होतं. मामंजी, माझे सासरे, दवाखान्यात कंपाउंडर. माणूस कमालीचा गरीब. बायकोपुढे त्यांनी कधी आवाज काढला नाही, पण प्रार्थना फारच लांबली की ते खोकायचे. बारीकसं, घसा साफ केल्यासारखं. आत्याबाई जिथं असतील तिथून, म्हशीच्या पायावरून का असेना, तडक आमेनला यायच्या. डोळे उघडल्या उघडल्या खेकसायच्या, "घशाला काय झालंय तुमच्या?" मामंजी शांतपणे चहाचा कप ओढून घ्यायचे. हे दर खेपेला असंच व्हायचं आणि दर खेपेला मला हसू आवरायचं नाही.

संस्थान विलीन झालं त्याच्या पुढच्या वर्षी मी या घरात सून म्हणून आले. माझं माहेर नगरकडचं. आम्हीही ख्रिस्तीच, पण पंथ वेगळा. आमच्याकडे प्रार्थना पुस्तकातली, ठरलेली. सकाळची वेगळी, दिवेलागणीची वेगळी. वर्षालाही तसाच क्रम. नाताळाआधी वाट बघायचे आठवडे, मग नाताळ. ईस्टरआधी उपासकाळ, मग ईस्टर. बाकीचे सगळे लांबलचक साधे दिवस. देवळातल्या मेजावरचं कापडसुद्धा त्याप्रमाणे बदलायचं. वाट बघायची असली, उपास असला की जांभळं, सणाला पांढरं, साध्या दिवसांना हिरवं. माझ्या आईनं लग्नात मला खणाच्या कापडाच्या अशा तीन पट्ट्या शिवून दिल्या होत्या. मधल्या खोलीतल्या फळीवर मी त्या सणावाराप्रमाणे बदलायची आणि दिवेलागणीला तिथं उभी राहून प्रार्थना म्हणायची.

एवढंच माहेर मी बरोबर आणलं होतं. बाकी सगळं सोडायची माझी तयारी होती. जिभेला चटका देणारं कालवण मी डोळ्यांतून पाणी काढत खायला शिकले, 'हाय' आणि 'न्हाय' ऐकून दचकायचं सोडलं. पण दिवेलागणीची प्रार्थना सुटली असती तर मी त्या घरात टिकले नसते, हे अगदी खरं सांगते.

आत्याबाईंना ते मुळीच पसंत नव्हतं. पहिल्याच संध्याकाळी पदर खोचून दारात उभ्या राहिल्या.

"पुस्तकात बघून देवाशी बोलतीस व्हय गं? नवऱ्याशी बी बघूनच बोलतीस काय?"

आमचे हे शाळेत मास्तर. ते तिथंच वह्या तपासत बसले होते. त्यांनी मान अशी खाली घातली की विचारता सोय नाही. मी म्हटलं, "नवऱ्याशी बोलायला शब्द पुरतात, आत्याबाई. देवाशी बोलायला मला कमी पडतात."

"मला कुठं कमी पडत्यात?"

शेवटी मामंजींनी तोड काढली. सकाळची घरची प्रार्थना आत्याबाईंची, संध्याकाळची फळी सुनेची, कुणी कुणाच्या मध्ये यायचं नाही. आत्याबाई मान्य करून चुलीपाशी गेल्या, पण तोंड काही मिटलं नाही.

खरी मजा उपासकाळात झाली. आमच्या माहेरी उपासकाळातल्या शुक्रवारी मटण वर्ज्य. हे मी सांगितलं मात्र, आत्याबाई कडाडल्या, "माझ्या आईनं सोमवार सोडला, त्यो काय सुनेनं शुक्रवार धरायला?" त्यांच्या आईनं ख्रिस्ती झाल्यावर महादेवाचे सोमवार सोडले होते, आणि त्यासाठी भावकीचं काय काय ऐकून घेतलं होतं. ते सगळं मला त्या दिवशी ऐकावं लागलं.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक मावशी राहायच्या. शेतकरी घरातल्या, दारात दोन म्हशी, आमचं दूध त्यांच्याकडचंच. त्यांना हा वाद भिंतीपलीकडे ऐकू गेला आणि त्या एकदम खूश झाल्या. "पोरीला वळण हाय की," म्हणत पुढच्या शुक्रवारी माझ्यासाठी शाबूची खिचडी घेऊन आल्या, वर ओलं खोबरं, शेजारी दह्याची वाटी. आणि त्याच वेळी मी चुलीत काय भाजत होते? बोंबील! आमच्याकडे शुक्रवारी मटण चालत नाही, मासळी चालते. मावशी उंबऱ्यातच थबकल्या.

"अगं बाई, उपासाला बोंबील?"

"चालतो, मावशी. मासळी चालते आम्हाला."

"मग चालत काय न्हाय?"

"मटण."

मावशींनी माझ्याकडे बघितलं, बोंबलाकडे बघितलं, मग हातातल्या खिचडीकडे बघितलं. ही खिचडी पुढे करावी की परत न्यावी हे त्यांना उमजेना. आत्याबाई आधी तोंडाला पदर लावून उभ्या होत्या, मग त्यांना हसू फुटलं ते इतकं की त्या भिंतीला धरून खालीच बसल्या. "असला उपास आमाला बी झेपंल की!" त्या दिवशी आम्ही तिघींनी मिळून खिचडी संपवली आणि बोंबील आत्याबाईंनी. तेव्हापासून शुक्रवारावरनं भांडण झालं नाही. मटण काही त्यांनी सोडलं नाही, पण शुक्रवारी मला ते वाढायला यायच्या नाहीत.

एक गोष्ट मात्र त्यांना रोज खटकायची. आमच्या दिवेलागणीच्या प्रार्थनेत एक ओळ सांगणाऱ्याची आणि एक मंडळीची असते. सांगणारा म्हणतो, "दिवस तुझ्या हाती दिला, प्रभू." मंडळी म्हणते, "रात्रही तुझ्याच हाती आहे." माहेरी वडील सांगायचे आणि आम्ही सगळी भावंडं ओरडून उत्तर द्यायचो. इथं मंडळी कुठली आणायची? आमचे हे शिकवण्या करून उशिरा यायचे. मग दोन्ही ओळी मीच म्हणायची. पण सवय अशी की माझी ओळ झाली की मी थांबायची. मंडळीला श्वास घ्यायला जागा ठेवायची. आतून आत्याबाई लगेच विचारायच्या, "आता कुणाची वाट बघतीस? देव काय टांग्यातनं यायला लागलाय?"

"मंडळीची वाट बघते."

"बघ बघ. कोल्हापुरात तुझी मंडळी यायची न्हाय."

चेष्टाच होती ती, पण मला लागायची. खोटं कशाला बोलू? कधीकधी मंडळीची ओळ मी घाईनं पुटपुटून टाकायची.

अशी काही वर्षं गेली. मग एका हिवाळ्यात, गुऱ्हाळं पेटली होती तेव्हा, मामंजी गेले. सकाळी दवाखान्यात गेले, औषधाच्या कपाटाशी उभे असतानाच खाली बसले, ते उठलेच नाहीत. फळीवर तेव्हा हिरवी पट्टी होती, साध्या दिवसांची. मी तिच्याकडे बघत बसले. असल्या दिवसाला कोणता रंग लावायचा ते आईनं मला सांगितलं नव्हतं.

माती दिल्यावर मंडळी घरी जमली. पाळकसाहेबांना काय वाटलं कोण जाणे, ते म्हणाले, "बाई, तुम्हीच प्रार्थना करा." आत्याबाई उठल्या. डोळे मिटले. "हे बापा," म्हणाल्या आणि पुढे काहीच आलं नाही. सगळे माना खाली घालून थांबले. बाहेर मावशींची म्हैस हंबरली. आत्याबाई तशाच उभ्या, ओठ नुसते हलतायत. मग खाली बसल्या. पाळकसाहेबांनी घाईनं चार शब्द बोलून आमेन म्हटलं.

त्या दिवसापासून आमच्या घरातली प्रार्थना बंद झाली. सकाळी आत्याबाई सगळ्यांच्या आधी उठून चूल पेटवायच्या आणि गप्प बसून राहायच्या. जेवायला बसलं की सरळ घास. भात ताटात वाफाळता असायचा, लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्या घरात गरम जेवत होते, आणि मला तो घास गिळवत नव्हता. मंडळीतल्या बायका भेटायला यायच्या, कुजबुजत विचारायच्या, "करतात का हो?" मी नाही म्हणून मान हलवायची. ज्या बाईची कोल्हापुरात ओळखच प्रार्थनेची, तिचीच प्रार्थना गेली होती. मला भीती वाटायची की आता हे माणूस परत उभं राहत नाही.

मग मी मला सुचलं ते केलं. त्यांचा आवाज बंद, आणि आपण फळीपाशी उभं राहून मोठमोठ्यानं म्हणायचं हे बरं दिसत नाही, असं मला वाटलं. मी माझी प्रार्थना मनातल्या मनात म्हणायला लागले. उपासकाळ लागला तरी जांभळी पट्टी पेटीतच ठेवली. उगाच त्यांच्या डोळ्यांवर कशाला?

एका दिवेलागणीला कंदील लावला आणि फळीपाशी गप्प उभी राहिले. आतून आवाज आला. इतक्या दिवसांनी, आणि तोही दरडावून.

"तुझी दातखीळ बसली काय गं?"

मी आत गेले. आत्याबाई चुलीपाशी पाटावर बसल्या होत्या.

"मनात म्हणते, आत्याबाई. तुम्हाला त्रास नको."

"तरास? मोठ्यानं म्हण की. मला कळाय नको माझी ओळ कवा येती ती?"

मला काही समजेचना. "तुमची ओळ?"

"मंडळीची." त्यांनी चिमट्यानं एक निखारा मागे सारला. "हे गेल्यापासनं म्हंतीया मी हितं बसून. तू जागा ठेवतीस न्हवं मधी, तवा. आन आता तूच गप झालीस. आता मी काय करू?"

मी तिथंच फतकल मारून बसले. विचारू की नको असं करत विचारलं, "मग तुमची स्वतःची प्रार्थना का हो बंद केलीत?"

त्यांनी चिमटा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "सुरू करायला काय लागतंय? पर थांबायचं कुठं? त्ये खोकायचे, तवा मी थांबायची. मला कुठं ठाव हाय माझी पर्थना कुठं संपती ती? त्या दिवशी हे बापा म्हटलं, आन वाटलं, आता कोण खोकणार?" पदरानं नाक पुसलं. "तुझ्या पुस्तकात आमेन छापल्यालं असतंय. बरं असतंय ते."

मी रडले. त्यांच्यासमोर, पाय पसरून, लहान पोरीसारखी रडले. त्या म्हणाल्या, "रडतीस काय, ऊठ. आन ती जांभळी चिंधी घाल आधी. उपासकाळ लागून किती दिस झालं?" म्हणजे पट्टीवरही लक्ष होतं.

मी पट्टी घातली. आत्याबाई फळीपाशी माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "दिवस तुझ्या हाती दिला, प्रभू," आणि थांबले.

"रात बी तुझ्याच हातात हाय!" आत्याबाई अशा गरजल्या की भिंतीपलीकडून मावशींनी हाक मारून विचारलं, काय झालं म्हणून.

मग रोजच तसं सुरू झालं. पुस्तकातले शब्द त्या आपल्या बोलीत फिरवून घ्यायच्या, आणि मी कधी दुरुस्त केलं नाही. जांभळ्या पट्टीचे दिवस त्यांनी माझ्याबरोबर पुरते काढले. शुक्रवारी बोंबील भाजायचं कामही स्वतःकडे घेतलं.

ईस्टरच्या दुपारी पांढरी पट्टी घातली होती. पाळकसाहेब जेवायला होते, मावशींनाही बोलावलं होतं, मटणाचा तांबडा आणि पांढरा दोन्ही रस्से ताटांत वाढलेले. पाळकसाहेब प्रार्थनेला तोंड उघडणार, तेवढ्यात आत्याबाई उठल्या. डोळे मिटले. "हे बापा," म्हणाल्या. मी त्यांच्या ओठांकडे बघत राहिले.

पण आले, शब्द आले. सृष्टीचा आरंभ आला, आदाम आला, नोहा आला, तारू आलं, हातकणंगल्याचा भाचा आला, मावशींच्या गाभण म्हशीचीसुद्धा वर्दी गेली. मावशींनी डोळे न मिटता हात जोडले. रश्श्यावरचा कट थिजायला लागला. आमचे हे चुळबूळ करायला लागले. आत्याबाई पुढे पुढेच जात होत्या, आणि आवाज आता थोडा घाबरलेला वाटत होता, अनोळखी गावात एस्टीतून उतरायची जागा चुकल्यावर होतो तसा. सगळे थांबले होते. मामंजींची भिंतीकडची जागा रिकामी होती.

मी खोकले. बारीकसं, घसा साफ केल्यासारखं.

आत्याबाई वाक्याच्या मधेच थांबल्या. मिटल्या डोळ्यांतून पाणी खाली आलं, ते त्यांनी पुसलं नाही. "आमेन," म्हणाल्या. मग डोळे उघडून माझ्याकडे वळल्या आणि सगळ्या पाहुण्यांदेखत खेकसल्या,

"घशाला काय झालंय गं तुझ्या?"